तत्त्वज्ञानाचं घर बघायला

आमच्या वाडीत पोरगी द्यायची असली की आधी घर बघायला जातात. जाणारी माणसं विषम असावी लागतात, तीन नाहीतर पाच. मन ठरेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा ओठाला लावायचं नाही, कारण एकदा का चहाचा घोट घशाखाली गेला की पोरगी दिली असं दोन्हीकडची माणसं धरून चालतात. आणि सोबत एक जण असा न्यायचा की ज्यानं मुद्दाम उलटं बोलून बघावं. गोड बोललं की कुणीही गोडच बोलतं. घर कळतं ते उलटं बोलल्यावर.

हे उलट्या बोलण्याचं काम गेली चाळीस वर्षं माझ्याकडं आहे. भीमेपलीकडच्या एका घरात मी वरबापाच्या मिशीला नाव ठेवलं, तर तो काठी घेऊन मला थेट नदीच्या डोहापर्यंत पोचवायला आला. पोरगी वाचली आणि मला पोहता येऊ लागलं. तेव्हापासून शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या कुठल्याही वस्तीवरून घर बघायला जीप निघाली की पुढच्या सीटवर मी असतोच.

ही हकिकत अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमधली. घर बघायचं होतं ते गेणबाच्या नातीसाठी, हर्षदासाठी.

गेणबा माझ्या बरोबरीचा. एके काळी अडीचशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन यायचा. त्याचे कान असे की झोपेत मेंढरू खोकलं तर ते कुठल्या कुशीवर निजलंय हे त्याला कळायचं. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण कान तसेच राहिले आणि वाऱ्याकडं बघून बोलायची खोडही. त्याची नात मात्र वाऱ्याकडं न बघता बोलायची, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

हर्षदा शिरूरच्या कॉलेजात बी.ए. झाली होती. वर्षभरात तिला तीन स्थळं आली आणि तिन्ही आल्या पावली गेली. पहिल्या घरचा म्हातारा म्हणाला, "आमच्या घरात आजवर कुणी मोठ्यानं बोललेलं न्हाई." तो हे इतक्या मोठ्यानं म्हणाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. हर्षदानं चहाचा ट्रे खाली ठेवत शांतपणे विचारलं, "मग आत्ता कोण बोललं?"

दुसऱ्या स्थळाचा मुलगा स्वभावानं गरीब होता. तो म्हणाला, "मी कधीच खोटं बोलत नाही." ही म्हणाली, "हे खरं बोलताय हे मी कशावरून धरू?" त्यावर पोरगा विचारात पडला तो बहुधा अजून त्याच विचारात असावा, कारण त्या घरून निरोपच आला नाही. तिसऱ्या वेळी चहा कुणी केला असं विचारल्यावर तिनं आजीनं केला असं खरं सांगून टाकलं. झालं. 'पोरगी उलटं बोलती' असा बोभाटा केडगावपासून रांजणगावपर्यंत पोचला. आमच्याकडचा वाराच तसा आहे. सासुरवाशीण माहेरच्या वाटंला लागून खोकली तर खोकला तिच्याआधी माहेरी पोचतो.

आता चौथं स्थळ आलं होतं. मुलगा रांजणगावच्या एका नव्या कंपनीत कायम झालेला. ती माणसं गुरुवारी येणार होती. आणि हर्षदा म्हणत होती की तिला पुण्याला विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय.

"त्यात काय करत्यात?" गेणबानं विचारलं.

"विचार करतात, आबा."

"कशाचा?"

"सगळ्याचाच."

गेणबानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. तेवढ्यात हर्षदानं एक कागद पुढं केला. विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग मंगळवारी शिरूरला येणार होता. सकाळी सार्वजनिक व्याख्यान, विषय 'ज्ञान म्हणजे काय?', दुपारी त्यावरच कार्यशाळा. सर्वांना मुक्त प्रवेश, चहा व अल्पोपाहाराची सोय.

"आबा, तुम्ही एकदा येऊन बघा ती माणसं कशी आहेत. मग न्हाई म्हणा."

गेणबा बराच वेळ कागद उलटा-सुलटा करत बसला. मग म्हणाला, "ठीक हाय. पोरगी द्यायची म्हंजी घर बघितलं पायजे. मंगळवारी घर बघू. पसंत पडलं तर दिली. न्हाई पडलं तर गुरुवारच्या माणसांना हो म्हणायचं आन् तू तोंड उघडायचं न्हाईस. कबूल?"

हर्षदा क्षणभर गप्प राहिली. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "कबूल," ती म्हणाली.

मंगळवारी आम्ही निघालो. गेणबा, त्याची बायको बानूबाई, हर्षदाचा बाप आण्णा, आणि मी. चार झाले. म्हणून कमांडर जीपच्या ड्रायव्हरला पाचवा मोजला. त्याला हे कुणी सांगितलं नाही. हर्षदा आदल्या दिवशीच मैत्रिणीकडं शिरूरला गेली होती. घर बघायला पोरगी नेत नसतात.

कॉलेजच्या हॉलात परीक्षा चालू होती म्हणून विद्यापीठानं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती, त्यामुळं ते रिकामं मिळालं. पण आदल्या दिवशी तिथी होती. स्टेजच्या मागच्या मखमलीवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं तशीच होती, 'शुभविवाह', आणि त्याखाली विद्यापीठानं आपलं कापड बांधलं होतं, 'ज्ञान म्हणजे काय?' स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल गादीच्या दोन खुर्च्या. त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीवर सुलक्षणा मॅडम बसल्या होत्या. विभागाच्या त्या प्रमुख. पन्नाशीच्या, सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा. नवरीच्या खुर्चीवर पुस्तकांचा गठ्ठा होता.

बानूबाई आत शिरता शिरता थांबली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण खुर्च्या वाचता येत होत्या. "जागा तर बरी निवडलीया," ती म्हणाली.

दारातच विभागाचा शिपाई ट्रे घेऊन उभा होता. मॅडम स्वतः स्टेजवरून उतरून आल्या. विद्यार्थी आणि मास्तर मंडळींच्या गर्दीत गेणबाचा लाल फेटा आणि खांद्यावरची घोंगडी बघून त्यांना फार आनंद झालेला दिसला. "या, या. लांबून आलात. आधी पाणी घ्या, चहा घ्या."

"नगं," गेणबा म्हणाला.

"निदान पाणी?"

"नगं."

ड्रायव्हरचा हात ट्रेकडं गेला होता. बानूबाईनं तो मनगटाला धरून असा खाली दाबला की त्याला वाटलं कुठंतरी ब्रेक लागला. बिचारा पहाटेपासून उपाशी होता.

मॅडमचा चेहरा जरा उतरला. शिपाई मात्र आमच्या पाच जणांकडं एकदा बघून पुन्हा बघत राहिला.

व्याख्यान सुरू झालं. खरं सांगतो, मला वाटलं होतं बाई डोळे मिटून ब्रह्म, माया असं काही बोलतील आणि मी एक झोप काढीन. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "एखादी गोष्ट मला वाटते, आणि एखादी गोष्ट मला ठाऊक असते. ह्या दोहोंत फरक काय?" आणि मग तासभर ह्याच एका फरकाला धरून बसल्या. आमच्याकडं बैलाला नाल मारताना जसा एकच पाय धरून बसतात तसं.

प्रश्नोत्तरं आली. गेणबानं मला कोपर मारलं. माझं काम सुरू झालं.

मी उठलो. घसा साफ केला. चाळीस वर्षांचा अनुभव आवाजात आणून म्हणालो, "बाई, तुम्ही बोलला ते समदं खोटं हाय."

हॉलभरच्या माना माझ्याकडं वळल्या. मी दाराची दिशा आणि जवळपास पाणी कुठं आहे ते बघून ठेवलं. पण बाईंनी काठी उचलली नाही. उलट त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी ओटी भरली. वही-पेन घेऊन त्या स्टेजच्या कडेला आल्या आणि म्हणाल्या, "छान. कुठलं वाक्य?"

"काय?"

"सगळं खोटं म्हणजे नेमकं कुठल्या वाक्यापासून? पहिलंच वाक्य पटलं नाही, की मधलं एखादं? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

आता मला सांगा, आयुष्यभर मी उलटं बोललो, पण कुठलं वाक्य असं मला कुणी विचारलं नव्हतं. लोक चिडायचे, हातघाईवर यायचे, एकदा एकानं कुत्रं सोडलं. ते सगळं सोपं होतं. ही बाई पेन उघडून माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी म्हणालो, "मधलं."

"मधलं कोणतं?"

"मधल्यातलं... मधलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. आठवलं की सांगा. संध्याकाळपर्यंत आहोत आपण." आणि त्यांनी वहीत खरंच काहीतरी लिहून ठेवलं. मी खाली बसलो. बानूबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

दुपारी सगळे उपमा खायला गेले. आम्ही बाहेर लिंबाखाली आपल्या भाकऱ्या सोडल्या. पाणीही कॅनमधून घरचंच आणलं होतं. एवढ्यात मॅडम पुन्हा आल्या, पाठोपाठ तो शिपाई.

"आमचं काही चुकलं का?" मॅडम उभ्या उभ्या म्हणाल्या. "सकाळपासून तुम्ही काहीच घेतलं नाही. उपास आहे का? की काही नियम? मोकळेपणानं सांगा."

"चुकलं न्हाई," गेणबा म्हणाला. "अजून बघतोय."

ह्याचा अर्थ त्यांना लागला नाही. तरी त्या मान हलवून गेल्या. शिपाई मात्र मागं राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि उकिडवा बसला.

"पाव्हणं, घर बघायला आलाय न्हवं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"मी हौशीराम. हितलाच हाय, शिरूरकडचा. पाच माणसं, पाणी न्हाई, चहा न्हाई, आन् ह्ये आप्पा उठून उलटं बोलले. सकाळीच वळखलं म्या. कुणाची पोरगी?"

"माझी नात," गेणबानं सांगितलं. घराविषयी शेजाऱ्याला विचारायचं असतंच. इथं शेजारी आपल्या पायांनी चालत आला होता. "हौशीराम, खरं सांग. घर कसं हाय?"

हौशीरामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आबा, अठरा वर्षं झाली मी तिथं. भांडणं म्हणाल तर रोज हायती."

आण्णाच्या हातातली भाकरी थांबली.

"दोन सर हायत. एक म्हणतो ह्ये जग खरं हाय, दुसरा म्हणतो न्हाई. मी लागलो तवापासनं चाललंय. कधी कधी एवढं तापतं की मी खिडक्या लावून घेतो. पण दोनाच्या ठोक्याला दोघं एका डब्यातनं जेवत्यात. आन् जग न्हाई म्हणणारा सर बसच्या रांगेत मातूर समद्यांच्या फुडं असतोय."

"पोरींना बोलू देत्यात का?"

"बोलली न्हाई तर विचारत्यात, बरं वाटत न्हाई का."

भाकरीचा शेवटचा तुकडा गेणबानं बराच वेळ चावला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "आप्पा, शेजारी चांगलं सांगतोय. पण शेजारी पगारी हाय."

हे बरोबर होतं. शेजाऱ्याच्या शब्दावर आजवर कुणी पोरगी दिली नाही.

दुपारी कार्यशाळा. लोकांचे पाच-पाचांचे गट पाडले. आमचा गट आयता होता. हर्षदा पलीकडं कॉलेजच्या पोरांमध्ये बसली होती. तिनं एकदाही आमच्याकडं बघितलं नाही. मॅडमनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. म्हणाल्या, रस्त्यात मेंढरं दिसली म्हणून मुद्दाम इकडचं उदाहरण तयार केलंय.

ते असं. संध्याकाळची वेळ. मेंढपाळ मुक्कामाच्या तळावर बसलाय. ओढ्यापलीकडून घुंगराचा आवाज येतो. तो म्हणतो, 'माझा कळप ओढ्यापलीकडं आहे.' आता प्रत्यक्षात ते घुंगरू कुणाच्या तरी बैलाचं असतं. पण योगायोग असा की कळपही खरोखर ओढ्यापलीकडंच बसलेला असतो, गप्प. म्हणजे त्याला वाटलं ते खरं निघालं. तर मेंढपाळाला ते ठाऊक होतं, असं म्हणता येईल का?

प्रत्येक गटानं दहा मिनिटं चर्चा केली. आमच्या गटात चर्चा अशी झाली की ड्रायव्हर म्हणाला, बैल कुणाचा होता? आणि बानूबाई म्हणाली, कळप सोडून हा तळावर बसलाच का? गेणबानं डोळे मिटले होते. घर बघायला आलेल्या मुख्य माणसानं घरच्यांच्या बोलण्यात मधे बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं.

बाकीचे सगळे गट एकेक करून म्हणाले, नाही, त्याला ठाऊक नव्हतं, त्याचं नशीब बरं म्हणून खरं निघालं. मॅडमनी मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं, 'मेंढपाळाला ठाऊक नव्हते.' खाली रेघ मारली.

"मॅडम, हे चूक आहे."

हर्षदा उभी होती. गेणबाचे डोळे उघडले.

"कसं?" मॅडम म्हणाल्या.

"मेंढरं वाऱ्याला तोंड देऊन चरत जातात. ज्येष्ठात वारा पश्चिमेचा. आमच्याकडं तळ टाकतात तो ओढ्याच्या पूर्वेला. म्हणजे दुपार कलली की कळप ओढा ओलांडून पलीकडं गेलेला असणार. हे मेंढक्याला सकाळी मेंढरं सोडतानाच ठाऊक होतं. घुंगरू वाजलं म्हणून तो बोलला एवढंच. घुंगरामुळं त्याला कळलं नाही."

"पण थांब हं," मॅडम म्हणाल्या, "माझ्या उदाहरणात तो फक्त घुंगरावरून ठरवतोय, असं मी धरलंय."

"तुम्ही धरलंय, मॅडम. पण मग तो मेंढका नाही. नुसत्या घुंगरावर कळप शोधणारा माणूस आठ दिवसांत कळप घालवून बसेल. तुम्ही माणूस मेंढका घेतला आणि त्याला कान शहरातले लावले."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर माझ्या डोक्यावर पडल्यासारखी ऐकू आली असती. विद्यापीठाच्या विभागप्रमुखाला, नवऱ्या मुलाच्या खुर्चीसमोर, चारचौघांत आमची पोरगी म्हणाली की तुम्ही कान चुकीचे लावले. आण्णानं मान खाली घातली. बानूबाईनं पदर घट्ट आवळला. गेणबाकडं मी बघितलं नाही. न बघताही ठाऊक होतं की तो मनातल्या मनात गुरुवारच्या पाहुण्यांना बसायला बसकर टाकतोय. तीन घरं अशीच गेली होती. हे चौथं.

मॅडमनी चष्मा काढला. पदराला पुसला. फळ्याकडं वळून त्या आपलंच वाक्य बघत राहिल्या. बराच वेळ. मग डस्टर उचललं आणि ते वाक्य रेघेसकट पुसून टाकलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यात ना राग, ना उपकार. पायातला काटा निघाल्यावर माणूस जसा बोलतो तसा आवाज.

"उदाहरण तरी चुकलंच. मूळ प्रश्न अजून उभा आहे, पण त्यासाठी मला दुसरा माणूस शोधावा लागेल. तू इकडं ये. आपण दोघी मिळून शोधू." हर्षदा स्टेजवर गेली. मॅडमनी नवरीच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली आणि तिला तिथं बसवलं.

आणि मग त्या दोघींचं जे जुंपलं. ही एक म्हणायची, ती दोन सांगायची. कुणी आवाज चढवेना, कुणी माघार घेईना. शेवटी मॅडमनी खिंडीत गाठलं. "बरं, मला सांग. त्या दिवशी वाराच पडला असेल तर? मग मेंढपाळाला कळप कुठं आहे हे कशावरून ठाऊक?"

हर्षदानं पहिल्यांदाच आमच्या बाजूला बघितलं. सरळ आज्याकडं.

गेणबानं बोलायचं नव्हतं. कायदा आहे. त्याच्या बापानं पाळला होता, आज्यानं पाळला होता. पण मेंढरांचा विषय, आणि पोरगी अडलेली. म्हातारा घोंगडी सावरत उभा राहिला.

"वारा पडला की मेंढरं बसत्यात," तो म्हणाला. "एकमेकाच्या पोटाखाली डोकं घालून, हायती तितंच. मंग मेंढक्यानं एवढंच ध्यानात ठेवायचं असतं, वारा कवा पडला. वारा पडला तवा ती जितं होती, तितंच ती असणार."

"आणि वारा कधी पडला ते लक्षात नसेल तर?" मॅडमनी विचारलं.

गेणबानं विचार केला. चांगला विचार केला. मी त्याला साठ वर्षं ओळखतो, ऊस लावायचा ठरवतानाही एवढा केला नव्हता. मग म्हणाला, "तर मंग बाई, त्याला ठाऊक न्हाई. त्याला नुसतं वाटतंय."

मॅडमनी टाळी वाजवली नाही. पण वही उघडून त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

गेणबा खाली बसला. फेटा काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा घातला. "आप्पा," तो माझ्या कानाशी म्हणाला, "चाळीस वर्षांत आपण घरं किती बघितली?"

"दोनशे." खरं तर तीसेक. पण असल्या वेळी तीस म्हणवत नाही.

"त्यात चुकलं म्हणणारं घर किती?"

मी बोटं मोजायला सुरुवात केली आणि अंगठ्यावरच थांबलो. अंगठ्यालाही घर सापडेना.

गेणबा मोठ्यानं म्हणाला, "हौशीराम, चहा हाय का?"

हौशीराम दाराआडून पुढं आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये पाच कप, पाचांवर पाच बश्या पालथ्या. सकाळपासून त्यानं ते तसेच झाकून ठेवले होते. "दुसरा करून आणू का, आबा? ह्यो गार झाला."

"ह्योच दे."

त्या चहाला अशी साय आली होती की तिच्यावर उंदीर चालला असता तर बुडाला नसता. गेणबानं बोटानं साय बाजूला केली आणि एका घोटात कप रिकामा केला. मग बानूबाईनं घेतला, आण्णानं घेतला, मी घेतला. ड्रायव्हरनं आपला घेतला आणि आणखी एक आहे का असं विचारलं. बानूबाईनं कमरेची चंची सोडली, साखरेची पुडी काढली, स्टेजवर चढली आणि मॅडमना काही कळायच्या आत त्यांच्या तोंडात चिमूटभर साखर घातली.

"हे काय?" मॅडम साखर गिळत म्हणाल्या. हौशीरामानं जवळ जाऊन त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. पाच माणसं का, पाणी का नाही, मी सकाळी का उठलो. ऐकता ऐकता त्यांची नजर वर गेली, मखमलीवरच्या सोनेरी अक्षरांवर. तिथून खाली आली ती हर्षदा बसली होती त्या खुर्चीवर. त्या एवढ्या हसल्या की चष्मा पडला.

"म्हणजे मी पास झाले?"

"व्हय," बानूबाई म्हणाली. "आता तुम्ही आमच्या विहीण."

"आजी, विहीण कशा होतील?" हर्षदा लगेच म्हणाली. "विहीण व्हायला आधी मॅडमच्या घरात..."

"गप," गेणबा म्हणाला. "आता उलटं बोलायचं ते पुण्यात जाऊन. फार्म कवापतुर भरायचा, बाई?"

"सोमवारपर्यंत."

"सोमवार चांगला वार हाय."

निघताना गेणबानं खांद्यावरची घोंगडी काढून मॅडमच्या हातात दिली. त्या नको म्हणत होत्या. पण विहिणीला नको म्हणता येत नाही हे हौशीरामानं त्यांना समजावलं. हर्षदा दोन वर्षं पुण्याला राहिली तोवर दर संक्रांतीला विभागात बानूबाईचा तिळगुळाचा डबा जायचा. हौशीराम सांगायचा की जग खरं नाही म्हणणारे सर त्यातले सगळ्यांत जास्त लाडू खायचे. आणि मी जेव्हा जेव्हा हर्षदाला भेटायला गेलो तेव्हा मॅडम हमखास विचारायच्या, "आप्पा, ते वाक्य सापडलं का?" मी म्हणायचो, शोधतोय.

पण ते पुढचं. आधी गुरुवार आला. रांजणगावचे पाहुणे आले, मुलाचा चुलता आणि आणखी चौघं, पाचच. त्यांनीही पाणी नको म्हणून सांगितलं. गेणबानं त्यांना बसायला बसकर टाकलं आणि म्हणाला, "पाव्हणं, माफ करा. पोरगी दिली."

"दिली? कुठं?"

"तत्त्वज्ञानात."

चुलत्यानं डोकं खाजवलं. पुणे जिल्ह्यातली गावं त्याला पाठ होती. "हे कुठं आलं? इंदापूरकडं का?"

"लांब हाय जरा," गेणबा म्हणाला. "पर माणसं बरी हायती. चुकलं तर चुकलं म्हणत्यात."

चुलत्यानं उठून टोपी घातली. "मंग बरं केलं," तो म्हणाला. "आमच्यात तसलं काय न्हाई."